संध्याकाळी सातनंतरची वीज

मे महिन्यात नागपुरात भरदुपारी कोणी कोणाकडे जात नाही. गाठीभेटी होतात त्या रात्री, जेवणं झाल्यावर, गच्चीवर पाणी मारून ती जरा निवली की. आमच्या गल्लीत या रात्रीच्या बैठकीचा विषय गेली दोन वर्षं एकच आहे, विजेचं बिल. ज्याच्या गच्चीवर पॅनेल लागले तो खिशातून मोबाइल काढतो आणि बिल दाखवतो. पूर्वी पोराचे दहावीचे टक्के असे दाखवायचे.

"आपलं तं मायनसमधे आलं न भाऊ!" शेजारचे काका परवा म्हणाले. रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक एसी आणि दोन कूलर धडधडत होते.

मी सहज विचारलं, "काका, आत्ता तुमचा एसी कशावर चालू आहे?"

"सोलरवर! दुपारी जमा करून ठेवलं न आपण."

काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना जमाखर्च मी काय शिकवणार! पण जमा झाले होते ते आकडे. वीज कुठेच जमा झालेली नव्हती. दुपारी एक वाजता त्यांच्या गच्चीवरून जी वीज तारेत गेली, ती त्याच क्षणी गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रिजने, नाहीतर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीने खाऊन टाकली. शेजारणीला दुपारी वाटीभर साखर दिली आणि रात्री तिने ती परत केली, एवढाच हा व्यवहार. वाटी तीच, माप तेच. पण आपली साखर तिच्या घरी दुपारच्या चहातच संपली होती. रात्रीची तिने दुकानातून आणून दिली. आपल्या शहरापुरतं बोलायचं तर त्या दुकानाचं नाव कोराडी, शहराला लागून असलेलं कोळशाचं वीज केंद्र.

हे काकांना मी सांगितलं. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण बिल तं मायनसच आहे न?"

बिलाबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे. नागपूरने स्वच्छ विजेची दुपार बऱ्यापैकी जिंकत आणली आहे. रात्र मात्र अजून बहुतांश कोळशाच्या ताब्यात आहे, आणि ती तशीच राहणार असं गृहीत धरून कोराडीत आणखी १३२० मेगावॅटचे कोळशाचे संच उभारायचं चाललं आहे. माझं म्हणणं असं की हे गृहीतकच जुनं झालं. रात्रीचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने होऊ शकतो, आणि तो आता कोळशापेक्षा महागही राहिलेला नाही. फक्त त्याचं उद्घाटन करायला फीत कापण्याजोगं काही नसतं.

आधी दुपारबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. नागपूरकर तिच्यावर तुटून पडले आणि घरांच्या छतावरच्या सौर विजेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर गेला. मीही त्या रांगेत होतो. पॅनेल लावणाऱ्याने पैसे घेतल्यावर दोन महिने फोन उचलला नाही, पॅनेल लागले तरी नेट मीटरसाठी, म्हणजे तारेत दिलेली आणि तारेतून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, आणखी एक महिना गेला. तोवर गच्चीवर तयार होणारी वीज नुसती वाया. आता सगळं सुरळीत आहे. ३ किलोवॅटमधून सरासरी दिवसाला १२ युनिट पडतात. गच्ची सावलीत गेल्यामुळे वरची खोलीही थोडी थंड राहते, हा फायदा कोणत्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. वाळवणं घालायला जागा उरली नाही ही घरातली तक्रार वेगळी.

गंमत अशी की जास्तीत जास्त वीज मे महिन्यात मिळेल असं सगळ्यांना वाटतं, आणि तसं होत नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता मोजतात ती २५ अंशांवर. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का किंवा थोडी जास्त वीज घटत जाते. हवेत ४५ अंश असतात तेव्हा काळ्या काचेचं तापमान ६५-७० च्या घरात जातं. म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. तसल्या दिवशी पॅनेलही माणसासारखेच गळून जातात. माझ्या मीटरवर उत्तम दिवस येतात ते फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये, आकाश निळं आणि हवा गार असताना. तेव्हा घरात ना कूलर लागतो ना गिझर. जेव्हा भरपूर मिळतं तेव्हा गरज नसते आणि जेव्हा जीव चाललेला असतो तेव्हा हात आखडता. ऋतूंचा हा मेळ आणि तासांचा तो मेळ, सौर ऊर्जेचा सगळा गुंता या दोन गोष्टींत आहे. बाकी पॅनेल कोणत्या कंपनीचे, काच एकेरी की दुहेरी, हे विषय गच्चीवरच्या गप्पांना ठीक आहेत.

आता दुकानाकडे वळू. कोराडीत पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. १२० मेगावॅटचे ते जुने संच आता इतिहासजमा आहेत. आज तिथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत आणि जोडीला २१० चा एक जुना. पलीकडे खापरखेड्याला १३४० मेगावॅट. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला गेलात तर तलावाच्या काठावरून या सगळ्याचं दर्शन आपोआप होतं. हिशेब घालून बघा. तीन मोठे संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर पावणेपाच कोटी युनिट होतात. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला ३० हजार टन, म्हणजे सात-आठ मालगाड्या. आपल्याकडच्या कोळशात ३५ ते ४० टक्के राख असते. दर दिवशी दहा हजार टनांवर राख कुठेतरी टाकावी लागते. सिमेंटला, विटांना, रस्त्यांच्या भरावाला काही जाते. उरलेली पाण्यात कालवून राख बंधाऱ्यात.

जुलै २०२२ च्या पावसात खसाळ्याचा राख बंधारा फुटला. करडा चिखल शेतांतून, नाल्यांतून, कोलार नदीत गेला. नदीला ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांना त्या पाण्याचा रंग विसरता येणार नाही. कोराडी रस्त्यावर माझा एक शाळासोबती राहतो, त्यानेही छतावर पॅनेल बसवले आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला ते पुसावे लागतात, कारण त्यावर राखेचा थर बसतो. कोळशाने सूर्यावर धूळ टाकावी म्हणजे नेमकं काय, हे बघायचं असेल तर त्याच्या गच्चीवर या.

धुरातलं गंधक काढणाऱ्या यंत्रणेची गोष्ट तर सांगायलाही कंटाळा येतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी नवे निकष आणले, दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतीवर मुदत. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच देऊन टाकली. नियम पाळायला दहा वर्षं लागत असतील तर नियमच बदलावा, असा हा न्याय.

मे २०२३ च्या शेवटी, ऐन नवतपाच्या उन्हात, कोराडीच्या दोन नव्या ६६० मेगावॅट संचांसाठी जनसुनावणी झाली. जुने अकार्यक्षम संच बंद केले, त्यांच्या ऐवजी हे नवे, कमी कोळशात जास्त वीज देणारे, असं समर्थन होतं. विरोध जोरात नोंदवला गेला. प्रकल्प तरी पुढे सरकत राहिला. त्या वादात एक सूचना अशीही आली की संच हवेतच तर ते शहरापासून दूर, पारशिवनीकडे न्यावेत. मला ती सूचना ऐकून मारबत आठवली. तान्ह्या पोळ्याला आपण काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत काढतो, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणतो आणि गावाबाहेर नेऊन जाळतो. कोळशाचंही आपण तेच करत आलो, शहराबाहेर नेऊन जाळला. फरक एवढाच की शहर वाढत वाढत कोराडीला जाऊन भिडलं, आणि मारबत वर्षातून एकदा जळते, कोराडी रोज. पारशिवनीत माणसं राहत नाहीत का?

इथे विदर्भातला प्रत्येक माणूस जे म्हणतो ते मलाही म्हणावंसं वाटतं : कोळसा आमचा, पाणी आमचं, राख आमची आणि वीज त्यांची. चंद्रपूर २९२० मेगावॅट, तिरोडा ३३००, मौदा २३२०, त्यात कोराडी आणि खापरखेडा. चंद्रपूरहून थेट मुंबईच्या उंबरठ्यावरच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची खास उच्चदाबाची वाहिनी १९९९ पासून वीज वाहून नेते आहे. अनुशेषाची आपली यादी १९५३ च्या नागपूर करारापासून लांबतच गेली आहे आणि राख हा त्या यादीतला सर्वांत दिसणारा कलम. हे सगळं खरं. पण हे म्हणून झालं की आपण हात झटकतो, तिथे माझं जमत नाही. वीज 'त्यांची' म्हणताना रात्री साडेनऊला आपला एसीही चालूच असतो. आणि दुसरं, ही तक्रार पुष्कळदा नव्या कोळसा प्रकल्पाच्याच बाजूने वापरली जाते. आम्हाला प्रकल्प हवा, रोजगार हवा, मागासलेपण जावं. पन्नास वर्षांत या चिमण्यांनी खसाळा, सुरादेवी, नांदगाव, वारेगावचं किती मागासलेपण घालवलं ते तिथे जाऊन विचारावं.

मग रात्रीचं करायचं काय? हा प्रश्न विचारणारे अभियंते मला भेटतात, आणि ते कोळशाचे दलाल नाहीत. त्यांचं म्हणणं प्रामाणिक आहे. सूर्य मावळतो सहा-सातला, दिवे-एसी-टीव्ही लागतात त्याच सुमारास, आणि मे महिन्यात ही मागणी मध्यरात्रीनंतरही उतरत नाही. पॅनेल दुप्पट केले तरी रात्री आठला शून्य दुणे शून्य. त्यांचं इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पण यातून नवा कोळसा संच हे उत्तर निघत नाही, आणि त्याचं कारण कोळशाच्या बॉयलरच्या स्वभावात आहे. सायंकाळी सहाला बटण दाबून सुरू आणि सकाळी सहाला बंद, असा तो चालत नाही. एवढ्या जाड पोलादाला तापायला आणि निवायला वेळ लागतो. रोज ताप-निव केली की नळ्या फुटतात. म्हणून तो दुपारीही निदान निम्म्या ताकदीवर चालूच ठेवावा लागतो. आजचा दंडक ५५ टक्क्यांचा आहे, तो ४० पर्यंत खाली आणायचा प्रयत्न चालू आहे. म्हणजे रात्रीच्या पाहुण्यासाठी दिवसभर चूल पेटती ठेवायची आणि भरदुपारी, फुकटची सौर वीज तारांत मावत नसताना, कोळसा जाळत बसायचा.

पैशाचं गणितही उलटं फिरलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या निविदेत २००० मेगावॅट सौर आणि त्याला जोडून १००० मेगावॅटची, चार तास पुरणारी साठवण, असा एकत्र दर ३ रुपये ५२ पैसे युनिट निघाला. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशने नव्या कोळसा प्रकल्पाच्या विजेसाठी मान्य केलेला दर ५ रुपये ३८ पैशांचा आहे. त्यातही मोठा वाटा स्थिर आकाराचा, म्हणजे संच चालो वा बसो, तो द्यावाच लागतो. दुपारी सूर्यामुळे संच जितका बसून राहील तितकी त्याची रात्रीची वीज महाग. आज पायाभरणी झाली तर संच चालू व्हायला पाच वर्षं, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं त्याचा हप्ता. आपली नातवंडं २०५५ मध्ये कोराडीचं बिल भरत असतील.

बॅटरीचं गुणगान मी करणार नाही. २०१० मध्ये एका युनिटच्या साठवणीला अकराशे डॉलरवर पडणारी लिथियम बॅटरी २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आली, हे खरं. पण ती चिनी पुरवठ्यावर उभी आहे, दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागते, आणि नागपूरच्या उन्हात तिलाच थंड ठेवायला वीज खर्च होते. शिवाय चार तासांची साठवण म्हणजे सात ते अकरा. अकरानंतरच्या मे महिन्याचं आणि सलग आठ दिवस आभाळ भरलेल्या जुलैचं उत्तर तिच्यात नाही. तिथे आज असलेले ६६० चे तीन संच कामी येतील. ते उद्या बंद करा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यांना रात्रीचा चौकीदार करा, मालक नको. आणि बॅटरी ठेवायची कुठे याचा शोध घ्यायलाही लांब जायला नको. कोराडीत जुन्या संचांची जागा आहे, तिथून चहूकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत, यार्ड आहे, वीज म्हणजे काय हे कळणारे कामगार आहेत. नव्या संचांऐवजी तिथे साठवण उभी करा. नवी जमीन घ्यायला नको, शेतकऱ्याशी भांडण नको, राख तर मुळीच नको.

त्याच्या जोडीला सह्याद्रीतले उदंचन प्रकल्प. दिवसाच्या विजेने पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज घ्यायची. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प कित्येक वर्षं चालू आहे. विदर्भाच्या सपाटीवर एवढे कडे नाहीत, पण तारा एकच आहेत. इतकी वर्षं इकडची वीज घाट उतरून गेली, आता रात्रीची थोडी तिकडून येऊ द्या. अनुशेष भरून काढायचा हा प्रकार माझ्या माहितीत कोणत्याच पुढाऱ्याने अजून मागितलेला नाही.

पण साठवणीपेक्षाही स्वस्त उपाय एक आहे, रात्रीची मागणी दिवसावर ढकलणं. याची सर्वांत मोठी जागा शेती आहे. आपल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षं वीज मिळत आली ती पाळीने, एक आठवडा दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. पौषातल्या थंडीत रात्री दोन वाजता गव्हाला पाणी द्यायला जाणारा उमरेडकडचा माणूस कोणत्या भीतीने जातो हे शहरात बसून कळणार नाही. साप तर असतोच, तिकडे वाघही असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, असं २०१७ पासून चालू आहे आणि दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य १६ हजार मेगावॅटचं आहे. माझ्या मते महाराष्ट्रात ऊर्जेच्या क्षेत्रात झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम. शेतकऱ्याची रात्रीची झोप आणि ग्रिडचा रात्रीचा भार, दोन्ही एकाच खर्चात सुटतात.

स्वतंत्र सौर पंपाबद्दल मात्र माझं मन एवढं मोकळं नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. ज्याच्या शेतापर्यंत तार कधीच पोहोचली नाही त्याच्यासाठी हे वरदानच आहे. पण काटोल, नरखेड, वरुडच्या संत्रापट्ट्यात जा. बोअर खोल खोल जात आहेत, वरुडचा भूजलसाठा तर धोक्याच्या यादीत कधीचाच गेला. तिथे वीज फुकट आणि ऊन दहा तास, मग पंप थांबवायचं कारणच काय? वर पावसाळ्यात, ओलित नसताना, त्या पॅनेलची वीज कुणाच्याच कामी येत नाही. तेच पॅनेल वाहिनीला जोडलेले असतील तर पावसाळ्यातली वीज शहराला मिळते. संत्रं वाचवायला वीज दिली आणि पाणीच संपलं, तर झाडाखाली पॅनेल घेऊन बसायचं का?

आता कूलरबद्दल. मला ठाऊक आहे की स्वच्छ ऊर्जेवरच्या लेखात कूलर कोणी आणत नाही. हायड्रोजन आणतात. पण नागपूरकराने कूलरबद्दल नाही लिहायचं तर कोणी? गल्लीगल्लीत पत्रे वाकवून कूलर बनवणारं, मार्च लागला की वाळ्याच्या ताट्यांचा वास सुटणारं हे शहर आहे. घरचा कूलर पंप धरून दोनशे वॅटच्या आसपास खातो. दीड टनाचा एसी दीड हजार. म्हणजे एका एसीच्या विजेत सात कूलर. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, हे तंत्र आपल्या मे महिन्यासाठीच जन्माला आलंय. मुंबईला ते चालत नाही, त्यांचं दुर्दैव. आणि आपण काय करतोय? हातात पैसा आला की पहिली खरेदी एसीची. पाहुण्यांना कूलरची लाज वाटते.

कूलरलाही मर्यादा आहेत. जूनमध्ये उमस सुरू झाली की तो नुसता दमट वारा फेकतो, आणि रात्रभरात टाकी दोनदा भरावी लागते, म्हणजे ज्याच्या नळाला पाणी नाही त्याला कूलरही नाही. पण एप्रिल-मेच्या साठ रात्री जर निम्मी घरं एसीऐवजी कूलरवर राहिली, छताला चुना मारला, जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे लावले, तर संध्याकाळच्या त्या डोंगराचा केवढा तरी तुकडा पडेल. एसीच्या कंपन्यांकडे जाहिरातीला पैसा आहे. कूलर बनवणाऱ्या गांधीबागेतल्या कारागिराकडे तो नाही. सरकारने पॅनेलला अनुदान दिलं. चांगल्या मोटरच्या, कमी पाणी पिणाऱ्या कूलरला एक तारांकन तरी द्यावं. आपल्याच विश्वेश्वरय्या संस्थेतल्या पोरांना यावर प्रकल्प करायला लावायला काय हरकत आहे?

हायड्रोजनचं थोडक्यात उरकतो. २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले तेव्हा नागपूरकरांची छाती फुगली होती, माझीही. पण एक किलो हायड्रोजन बनवायला पन्नासवर युनिट लागतात आणि त्यातून पुन्हा वीज काढली तर अर्धीही परत येत नाही. खतं, पोलाद यांच्यासाठी तो ठीक. आपल्या घरच्या संध्याकाळी सातचं उत्तर तो नव्हे. शहराने अशी नवलाई आधीही पाहिली आहे. २०१४ मध्ये इथेनॉलवरच्या हिरव्या बस आल्या, देशात पहिल्या, आणि २०१८ मध्ये गपचूप उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये विजेच्या टॅक्सी आल्या, त्याही देशात पहिल्या. चार्जिंगच्या रांगांत तासन्‌तास बसून चालक पुन्हा डिझेलकडे वळले. 'देशात पहिलं' हा मान आपल्याला फार लवकर मिळतो आणि टिकवायचा कंटाळाही तितक्याच लवकर येतो.

एक गोष्ट मात्र टिकली, आणि तिचं कौतुक कोणी करत नाही. २००८ मध्ये महापालिकेने महानिर्मितीशी, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी, करार केला. भांडेवाडीत रोज तेरा कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करायचं आणि औष्णिक केंद्राला द्यायचं. पेंचचं तेवढं गोडं पाणी वाचलं. आपण मोरीत सोडलेलं पाणी कोराडीत वाफ थंड करतं. यात चकाकणारं काही नव्हतं. नळ, पंप, करारनामा. साठवण, वाहिन्या, दिवसाची शेती, कूलर ही सगळी कामं याच जातीची आहेत.

राहता राहिला हिशेब, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. मी ७८ हजारांचं अनुदान घेतलं. नसतं मिळालं तरी मी पॅनेल लावले असते. माझ्यासारखे घरमालक ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात होते, महाग दराने बिल भरायचे, आणि त्या पैशातून १०० युनिटांखालच्या घराला स्वस्त वीज मिळायची. आता आम्ही त्या टप्प्यातून पॅनेलसकट निसटलो. रात्री वीज तीच घेतो, तारा त्याच वापरतो, त्यांचा खर्च मात्र जवळजवळ भरत नाही. तो कोणावर पडणार? ज्याला गच्ची नाही त्याच्यावर. भाडेकरूवर, फ्लॅटवाल्यावर, टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यावर, ज्याचं छप्पर पॅनेलचं वजनच पेलणार नाही. म्हणून दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे वेळेनुसारचे दर आले की ओरडा करणारे आम्ही गच्चीवाले पहिले असतो, आणि तो ओरडा मला पटत नाही. दुपारच्या एका युनिटच्या बदल्यात रात्रीचं एक युनिट, ही सवलत सुरुवातीला लोकांना ओढायला ठीक होती. कायमची ठेवायची असेल तर ती ज्याला गच्ची नाही त्याला आधी द्या. गावाबाहेरच्या सौर प्रकल्पातला दोन किलोवॅटचा वाटा एखाद्या झोपडपट्टीतल्या घराच्या नावावर जमा करायला तंत्राची अडचण काहीच नाही.

हे सगळं मी काकांना एकाच बैठकीत सांगितलं असं नाही. तीन रात्री लागल्या, आणि दुसऱ्या रात्री ते थोडे चिडलेही होते. तिसऱ्या रात्री त्यांनी विचारलं, "मग म्या काय करू, सांग न." मी म्हटलं, टाकी भरायची मोटर सकाळी साडेपाचला लावता ती दुपारी बाराला लावा. कपडे धुवायची मशीन दुपारी. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. मग म्हणाले, पोराच्या गाडीचं काय? पोरगा मिहानमध्ये नोकरीला आहे, विजेची स्कूटर आहे, रात्री आठला घरी येतो आणि आल्या आल्या प्लग लावतो, म्हणजे नेमका चुकीच्या वेळी. मी म्हटलं, ऑफिसातच दुपारी लावायला सांगा.

काकांनी पोराला हाक मारली. पोरगा गच्चीच्या पायरीवर येऊन मला म्हणाला, "तिकडे पार्किंगमध्ये तीनशे गाड्या लागतात काका, एकही प्लग नाही. अन् शेडही नाही. दिवसभर भाजत असतात गाड्या उन्हात."